पायाला चोवीस तास कळतात, घड्याळाला फक्त पहाट

प्रश्न डोंबिवलीच्या एका ताईंचा आहे. वय ३८, नोकरी फोर्टला, घरी दोन मुलं आणि सासूबाई. अकरा महिन्यांपूर्वी धावायला लागल्या. आता १० किमी सत्तर मिनिटांत होतात आणि जानेवारीतल्या मुंबईच्या हाफ मॅरेथॉनला (२१ किमी) नाव घातलंय. त्यांच्या ग्रुपवर प्रत्येकाने रोजचं धावणं टाकायची पद्धत आहे, त्याही टाकतात. दीड महिन्यापासून वेग उतरतोय, डावी नडगी दुखते, आणि ग्रुपवरच्या एका मुलाचं रोजचं ५:३० (किलोमीटरला साडेपाच मिनिटं) बघून फोन खाली ठेवावासा वाटतो. वयामुळे होतंय का, मीच कमी पडतेय का, की सरळ ग्रुप सोडू, असं त्यांनी विचारलंय. सोबत दसऱ्यापर्यंतच्या सहा आठवड्यांच्या नोंदी जोडल्यात.

ताई, आधी ते ‘सर’ राहू द्या. ठाण्याच्या एका कारखान्यात स्टोअर्सला अठ्ठावीस वर्षं काढली, तिन्ही पाळ्या केल्या, आणि २००५ पासून धावतोय. रविवारी ठाण्याशेजारच्या येऊरच्या डोंगरात नवख्यांना सोबत घेऊन पळतो, एवढीच माझी पदवी. काका म्हणा, नाहीतर काहीच म्हणू नका.

तुमच्या नोंदी मी कागदावर उतरवून घेतल्या. स्क्रीनवर वर-खाली करून मला काही कळत नाही. सहा आठवड्यांत २६ वेळा धावलात. त्यातल्या २१ वेळा वेग किलोमीटरला ७:०० ते ७:१५ च्या मधे. आता तुमचे १० किमी ७० मिनिटांचे, म्हणजे जीव तोडून धावलात तर किलोमीटरला ७ मिनिटं. आणि रोज सकाळी, सव्वापाचला, रिकाम्या पोटी, दूध घ्यायच्या आधी तुम्ही धावताय ७:०७ ने. रोज वार्षिक परीक्षा चाललीय. वयाचा इथे काही संबंध नाही. चाळिशी ओलांडून पहिल्यांदा बूट घातलेल्या आणि पुढची पाच-सहा वर्षं वेग वाढतच गेलेल्या बायका येऊरला दर रविवारी दिसतात.

तुमचा रोजचा वेग ८:१५ ते ८:४५ असायला हवा. वाचून राग येईल, माहीत आहे. घड्याळ नको असेल तर पाढ्याने तपासा. पळता पळता सतराचा पाढा मोठ्याने म्हणायचा. ‘सतरा पाचे पंच्याऐंशी’ म्हणताना मधेच श्वास तोडावा लागला की वेग जास्त. पाढाच येत नसेल तर तेराचा घ्या, तो सगळ्यांना येतो. अशा वेगाने धावलं की आत काय होतं? स्नायूंमधल्या केशवाहिन्या वाढतात, पेशींमधले ताकद तयार करणारे कण, म्हणजे मायटोकाँड्रिया, वाढतात, हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलायला शिकतं, आणि शरीराला साखरेसोबत चरबीही जाळायची सवय लागते. हे सगळं हळू वेगातही होतं, आणि हळू वेगात दुसऱ्या दिवशी पाय शाबूत असतात म्हणून परत करता येतं. आठवड्यातून एखाद दिवस जोर लावायला माझी ना नाही. बाकीचे दिवस पाढे.

ही काही माझ्या डोक्यातली युक्ती नाही. न्यूझीलंडचे आर्थर लिडियार्ड बुटांच्या कारखान्यात कामाला होते, वर दूध टाकायची लाइनही सांभाळायचे. त्यातून वेळ काढून वर्षानुवर्षं स्वतःवरच प्रयोग केले, किती पळलं तर काय होतं याचे. त्यांच्याकडे तयार झालेल्या पीटर स्नेल आणि मरे हॅलबर्ग या दोघांनी १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये ८०० आणि ५००० मीटरची सुवर्णपदकं एकाच दुपारी घेतली. स्नेल ८०० मीटरवाला, दोन मिनिटांच्या आतली शर्यत, तरी तयारीत लांब लांब अंतरं होती. पुढे याच लिडियार्डनी ऑकलंडमध्ये हृदयविकाराच्या झटक्यातून उठलेल्या माणसांना हळूहळू पळायला लावलं. मला या माणसाचं कौतुक पदकांपेक्षा त्या दुधाच्या लाइनीमुळे जास्त वाटतं. नोकरी करून पळणाऱ्याचं दुखणं त्याला ठाऊक होतं.

आता त्या मुलाचं ५:३०. तुम्हीच लिहिलंय की तो २६ वर्षांचा आहे, आधी कबड्डी खेळायचा, आणि १० किमी ४४ मिनिटांत करतो. म्हणजे शर्यतीत त्याचा वेग ४:२४. मग रोज तो धावतोय किलोमीटरला मिनिटभर सावकाश! त्याचं ५:३० म्हणजे तुमचं ८:४५. तो शहाण्यासारखं वागतोय आणि त्याच्या आकड्याकडे बघून तुम्ही वेड्यासारखं. शिवाय तो घरून काम करतो आणि डबा आई करते, हेही तुम्हीच लिहिलंय, कंसात. कंसातलं मी दोनदा वाचलं.

सप्टेंबर-ऑक्टोबरची हवाही धरा. पाऊस सरतो, दमटपणा तसाच असतो आणि उकाडा चढतो. घाम सुटतो, पण उडून जात नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही. रक्ताला स्नायूंकडेही धावायचं आणि कातडीकडेही. ठोके वाढतात, वेग पडतो. ऑक्टोबर हीटमध्ये किलोमीटरला पंधरा-वीस सेकंद गेली तर ती कल्याण-डोंबिवलीच्या हवेने नेली समजायची.

नडगीचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत तयार होतात. हाडं आणि स्नायुबंध महिने घेतात. अकरा महिन्यांत दम वाढला, पण हाड अजून मागून येतंय. घरी दोन गोष्टी तपासा. पाट मांडून बसा, नडगीच्या आतल्या कडेवरून अंगठा वरून खाली दाबत न्या. वीतभर पट्ट्यात कुठेही दाबलं तरी थोडं थोडं दुखतं, आणि पळायला लागल्यावर दहा मिनिटांत दुखणं विरतं, असं असेल तर ताण जास्त झालाय. दोन आठवडे अंतर निम्मं करा, डांबर सोडून मातीवर पळा, उतरून जाईल. पण एकाच ठिकाणी, बोटाच्या पेराएवढ्या जागेत, दाबल्यावर अगं आई गं होत असेल, रात्री पडल्यावरही ठणकत असेल, त्या पायावर लंगडी घालता येत नसेल, तर पळणं त्याच दिवशी बंद आणि हाडांच्या डॉक्टरांकडे.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. २०११ साली माझ्या उजव्या नडगीत अशीच एक जागा होती. एक्स-रे काढला, त्यात काही दिसलं नाही. हाडाची बारीक चीर सुरुवातीला एक्स-रेमध्ये बरेचदा दिसत नाहीच, आणि दुखणं राहिलं तर परत या असं डॉक्टरांनी सांगितलंही होतं. मी फक्त ‘काही दिसत नाही’ एवढंच ऐकलं. अजून तीन आठवडे पळलो, कारण वहीत आठवड्याची बेरीज ६० च्या खाली जाऊ द्यायची नव्हती. मग एमआरआय केला, त्यात चीर दिसली आणि अडीच महिने घरी बसलो. नंतर वही उघडली तर त्या तीन आठवड्यांत रोज किलोमीटर आणि वेग, बास. दुखतंय असं एका ओळीतही नव्हतं. वहीशीसुद्धा खोटं बोललो होतो.

तेव्हापासून वही लिहायची माझी पद्धत बदलली, आणि तुम्हाला खरं सांगायचंय ते हेच. तुमच्या नोंदी अशा आहेत: ‘८.०२ किमी, ७:४१, पाय जड, फालतू रन.’ म्हणून मी तुम्हाला तीन तारखा पाठवून त्या दिवशी आणि आदल्या दिवशी घरात काय होतं ते विचारलं. तुमचं उत्तर आलं ते इथे मांडतो, वाचणाऱ्यांनाही कळेल.

‘फालतू रन’च्या आदल्या दिवशी गौरी जेवल्या होत्या. पानावर बावीस माणसं. पुरण वाटण्यापासून भांडी पुसून फडताळात जाईपर्यंत तुम्ही सकाळी पाचपासून रात्री साडेबारापर्यंत उभ्या होतात. झोपलात एकला, उठलात साडेचारला. आणि तरी ८ किमी! मी असतो तर गादीतून हललो नसतो. तो फालतू रन नव्हता, नको तिथे केलेला पराक्रम होता.

दुसरी तारीख नवरात्रातली. ‘५ किमीला थांबले. कसंतरी झालं.’ चौथी माळ, म्हणजे चौथा उपास. आदल्या दिवशी सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी दोन केळी, संध्याकाळी लोकलमध्ये उभ्याने तास, रात्री चहा. उपासाला माझा विरोध नाही, आमच्याकडेही घट बसतात. पण त्या दिवसांत धावणं निम्मं करायचं आणि पोटात नुसता साबुदाणा नाही ढकलायचा. भगर, शेंगदाण्याची आमटी, रताळं, दही, राजगिऱ्याचा लाडू, सगळं उपासाला चालतं.

तिसरी तारीख गमतीची. ‘७ किमी, ७:०२, आज काय झालं कळलं नाही, पाय उडत होते.’ तुम्ही मला लिहिलंत की आदल्या दिवशी रविवार होता, मुलं नवऱ्यासोबत मामाकडे गेली होती, आणि तुम्ही दुपारीही झोपलात, रात्रीही साडेनऊला झोपलात. कळलं नाही कसं? सात तास झोप झाली की पाय उडतात, यात चमत्कार काय.

तर उद्यापासून वही अशी. घड्याळाचा आकडा सगळ्यात शेवटी. आधी किती वाजता झोपले, किती वाजता उठले. काल किती वेळ उभी होते. लोकल, ओटा, बँकेची रांग, सगळं धरून. काय खाल्लं. पाळीचा कितवा दिवस (हे मला आमच्या ग्रुपमधल्या बायकांनी शिकवलं, आणि सहा महिन्यांच्या नोंदी ठेवल्या की कुठल्या आठवड्यात जोराचं धावणं ठेवायचं ते तुमचं तुम्हालाच दिसेल). नडगी दहापैकी किती. आणि मग अंतर, वेग. एक नमुना देतो, माझ्या वहीतला, रात्रपाळीच्या दिवसांतला:

‘मंगळ. रात्रपाळी करून सकाळी ८ ला घरी. झोप ९ ते १२, मधे दोनदा कुरिअर. जेवण वरण-भात, मेथी. संध्या. ५ ला येऊरच्या गेटपर्यंत, ६ किमी, पाय शिशाचे. परत येताना चालत. वेग बघितला नाही.’

तेव्हा ही नोंद लाजिरवाणी वाटली होती. आज त्या वहीतलं सगळ्यात उपयोगी पान तेच आहे. रात्रपाळीच्या आठवड्यात जोर लावायचा नाही हे मी तिथून शिकलो.

अजून एक पान आहे, ते दाखवायला जड जातं. २००९ माझं सगळ्यात चांगलं वर्ष, हाफ १ तास ३८ मिनिटांत झाली. मे महिन्यात एका तारखेला नुसतं ‘विश्रांती’ लिहिलंय. काही वर्षांनी वही चाळताना बायकोने ते पान बघितलं आणि तारीख ओळखली. त्या दिवशी तिच्या आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. ही पहाटे चारला उठून दोन डबे करून, धाकटीला शेजारी सोडून दादरला गेली, रात्री नऊला आली आणि परत स्वयंपाकाला लागली. मी पाय वर करून पडलो होतो, कारण दुसऱ्या दिवशी लांबचं धावणं होतं. ती काही बोलली नाही. पान उलटलं. ग्रुपवर पुरुषांचे आकडे बघाल तेव्हा त्यांच्यामागची अशी पानं तिथे टाकलेली नसतात, एवढं धरून चाला. आणि नवऱ्याशी बोला. आठवड्यातले दोन दिवस डबा त्याने करायचा. पोळ्या बाहेरून आणल्या तरी चालतील. कुठल्याही भारी बुटांपेक्षा त्याचा उपयोग जास्त.

तेव्हा ग्रुप सोडू नका. पहाटे सव्वापाचला एकटीने पळण्यापेक्षा चार जणी सोबत असणं केव्हाही बरं. अंधार, रस्त्यावरची कुत्री, बाइकवरून शेरे मारणारे, सगळ्यालाच. (कुत्रं अंगावर आलं तर पळू नका, थांबा, त्याच्याकडे तोंड ठेवून सावकाश मागे सरका.) ग्रुपवर फक्त वेग टाकणं बंद करा. ‘आज ४० मिनिटं, झोप सहा तास, नडगी दोन’ एवढं टाका. पहिला आठवडा कोणी काही बोलणार नाही. मग कोणीतरी हळूच लिहील की माझीही झोप होत नाहीये. आमच्याकडे तसंच झालं.

एक गोष्ट मात्र आजच करा. तुम्ही पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये नकाशा होता, आणि रेघ तुमच्या इमारतीच्या फाटकापासून सुरू होते. वेळ रोज ५:१२, ५:१५. मी डोंबिवलीत राहत नाही, तरी तुमचं फाटक मला सापडलं. धावणं नोंदवायच्या त्या स्ट्राव्हा ॲपच्या सेटिंगमध्ये घराभोवतीचा भाग लपवायची सोय आहे, ती चालू करा आणि नोंदी फक्त ओळखीच्यांना दिसतील असं ठेवा. याच ॲपच्या जगभरच्या नकाशावर धावणाऱ्या सैनिकांच्या रेघांवरून लष्करी तळ ओळखू आले, २०१८ मध्ये त्यावर केवढा गदारोळ झाला होता. तिथे सैन्य फसलं, तर आपली सोसायटी काय.

आता जानेवारीपर्यंतचं. तिसऱ्या रविवारला तेरा-चौदा आठवडे आहेत, भरपूर झाले. नडगी शांत होईपर्यंत पहिले दोन आठवडे तीनच दिवस, अर्धा तास, पाढ्याच्या वेगाने. मग मंगळवार आणि गुरुवार ४० ते ५० मिनिटं, रविवार लांब. पाच दिवसांवरून तीन दिवसांवर आलात म्हणून घाबरू नका. तासभर लोकलमध्ये उभं राहणं, जिने, बाजार हे सगळं पायांच्या हिशोबात आधीच जमा आहे. रविवार ११ पासून सुरू करून किलोमीटर-किलोमीटरने १८ पर्यंत न्या, दर चौथ्या रविवारी कमी. १८ ला तुम्हाला अडीच तास लागतील. शर्यतीतही तुमचा वेळ २:३५ ते २:४० च्या घरात जाईल, म्हणजे तेवढा वेळ पायांवर असण्याची तयारी आधीच झालेली असेल. शेवटचे दोन आठवडे हलके.

गुरुवारी, डिसेंबर लागला की, चढ घाला. शर्यतीच्या वाटेवरची सी लिंक सगळ्यांना आठवते, पण जीव काढतो तो हाजी अली सोडल्यावरचा पेडर रोडचा चढ. डोंबिवलीत टेकडी कुठून आणणार? ठाकुर्लीचा उड्डाणपूल पहाटे रिकामा असतो, मैत्रिणीला घेऊन चार-पाच वेळा चढा, उतरताना चालत या. चढावर नजर वर नाही, पुढच्या चार पावलांवर ठेवायची आणि हात जरा जोरात हलवायचे.

ताकदीचे व्यायाम करायला वेळ नाही म्हणालात. दूध तापवता ना? ओट्याला हात टेकून टाचा वर-खाली, पंधरा-पंधरा, दूध वर येईपर्यंत. मग चहा उकळेपर्यंत एका पायावर उभं राहायचं, नंतर दुसऱ्या. पोटऱ्या बळकट झाल्या की नडगीवरचा भार हलका होतो. सासूबाई हसतील, हसू द्या. त्यांनाही एका पायावर उभं राहायला लावा, मात्र ओटा धरून.

रक्ततपासणी एकदा करून घ्या: हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे लोहाचा साठा), बी-१२, थायरॉइड. हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाचा साठा तळाला गेलेला असू शकतो, आणि तेव्हा दम लागतो, वेग पडतो, माणूस स्वतःला आळशी म्हणत बसतं. जेवणावर लगेच चहा घेत असाल तर तासभर मागे ढकला. चहामुळे जेवणातलं लोह नीट अंगी लागत नाही. गोळ्या मनाने सुरू करू नका, रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा.

बुटांचं विचारलंत. संध्याकाळी घ्यायला जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. पुढे अंगठ्याएवढी जागा हवी, घालून दुकानात पळून बघा, टोचतंय का ते. कार्बन प्लेटवाल्या (तळात कडक पट्टी घातलेल्या, शर्यतीच्या) बुटांच्या नादी लागू नका. रंग कुठलाही घ्या.

दोन आठवड्यांनी वहीची पानं पाठवा, आकड्यांचे स्क्रीनशॉट नकोत. नडगी दोनच्या खाली आली असेल तर एखाद्या रविवारी येऊरला या. साडेपाचला गेटपाशी असतो, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी माझ्याकडे असतं. तो ५:३० वाला आला तर त्यालाही आणा. त्याच्याकडून तुम्हाला सगळ्यांसमोर सतराचा पाढा म्हणवून घ्यायचाय.